सपाट तळ आणि बोटांची खूण
ढग कसे बनतात हे सांगताना हवा थंड झाली की बाष्पाचे थेंब होतात, एवढंच बरेचदा म्हटलं जातं आणि ते खरंच. पण त्यात कणांचा उल्लेख राहून जातो. धूळ, धूर, समुद्री मीठ यांचे सूक्ष्म कण नसतील तर हवा संपृक्त (बाष्पाने पूर्ण भरलेली) होऊनही थेंब सहजी धरत नाहीत.

आता क्युम्युलसचा, म्हणजे कापसाच्या ढिगासारख्या ढगाचा, तळ नीट बघा, सुरीने कापल्यासारखा सपाट दिसेल. वर चढणारी हवा दर किलोमीटरला साधारण १० अंशांनी निवते आणि दवबिंदूला (ज्या तापमानाला बाष्पाचे थेंब होऊ लागतात त्याला) पोचते तिथेच ढग सुरू होतो. जमिनीलगतचं तापमान आणि दवबिंदू यांतल्या फरकाला १२५ ने गुणा, तळाची उंची अंदाजे मीटरमध्ये मिळते. फार सुंदर हिशोब आहे हा!

पुंजक्यांचे ढग ओळखताना गोंधळ होतोच. हात सरळ ताणा आणि क्षितिजापासून बराच वरचा एखादा पुंजका बोटांनी झाका. करंगळीमागे लपला तर सिरोक्युम्युलस (खूप उंचावरचा), तीन बोटं लागली तर अल्टोक्युम्युलस (मधल्या उंचीचा), तरीही उरला तर स्ट्रॅटोक्युम्युलस (खालचा). सूर्याच्या दिशेला मात्र हे करू नका.

चंद्राभोवती मोठं खळं दिसलं तर बहुधा सिरोस्ट्रॅटस (उंचावरचा पातळ पडद्यासारखा ढग) समजा, कारण ते खळं बर्फाच्या स्फटिकांमुळेच पडतं.