निवृत्ती: पायरी पायरीने की एकदम?

धागाकर्ती:
सत्तावन्न पूर्ण झाली. तीस वर्षं बांधकामाचे आराखडे तपासतेय. वरिष्ठांशी बोलून आठवड्याचे पाच दिवस तीनवर आणलेत. पुढच्या वर्षी दोन, मग बंद. घरचे म्हणतात, सोडायचं तर सरळ सोड, हे रेंगाळणं कशाला? पण आमच्याकडचे एक सहकारी शुक्रवारी निवृत्त झाले आणि सोमवारी सकाळी आठला त्यांचा मला फोन आला. कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय हे सांगायला. मंगळवारी पुन्हा फोन, पुन्हा तीच किल्ली. तो आवाज माझ्या मनातून जात नाही. मला तसं थांबायचं नाही. तुम्ही काय केलंत किंवा काय कराल?

ठामपणे विरोधात:
ताई, स्पष्ट सांगतो. तीन दिवसांचा पगार घेऊन पाच दिवसांचं काम कराल. मी दोन वर्षं केलंय. सुट्टीच्या गुरुवारी सकाळपासून फोन, "फक्त पाच मिनिटं". पगार कमी झाला तो पहिल्या महिन्यापासून, काम मात्र शेवटपर्यंत कमी झालं नाही. जर्मनीने 1996 साली उतारवयातल्या अर्धवेळ कामाचा कायदा केला. त्यात दोन वाटा होत्या. रोजचं काम अर्धं करा, नाहीतर आधी पूर्णवेळ काम करून उरलेला काळ पूर्ण घरी राहा, पगार दोन्ही टप्प्यांत सारखाच. बहुतेकांनी दुसरी वाट धरली. लोकांना एकदमच थांबायचं असतं, हो.

बाजूने:
ती वाट मालकांनाही सोयीची होती हे विसरू नका. अर्धी खुर्ची भरण्यापेक्षा पूर्ण रिकामी झालेली भरणं सोपं. त्यावरून माणसांच्या मनातलं कसं ठरवणार? अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी 2012 मध्ये टप्प्याटप्प्याच्या निवृत्तीचा कायदा झाला. काम निम्मं, पेन्शनचा काही भाग लगेच सुरू, आणि कामाच्या वेळेतला साधारण पाचवा हिस्सा दुसऱ्यांना शिकवण्यासाठी. मला हे शेवटचं फार पटतं. तीस वर्षांत नजरेत आलेलं शहाणपण कुठल्याच फाइलमध्ये नसतं. एखादा आराखडा बघताच खटकतो, का ते नंतर सापडतं. हे शेजारी बसूनच देता येतं, आणि त्याला वेळ लागतो.

हिशेब बघा:
भावनेच्या आधी एक कागद तपासा. तुमची पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते का? तसं असेल तर अर्धवेळचा कमी पगार हिशेबात धरतात की पूर्णवेळचा, हे लेखी घ्या. तोंडी नको. दोन वर्षांच्या सोयीपायी आयुष्यभराची रक्कम घटू शकते. दुसरी बाजूही आहे. स्वतःच्या गुंतवणुकीवर जगणार असाल तर पहिली काही वर्षं सर्वांत नाजूक. बाजार पडलेला असताना पैसे काढावे लागले की ती खोट नंतर भरून निघणं अवघड. त्या काळात थोडी मिळकत चालू राहिली तर मोठा आधार होतो.

खालच्या खुर्चीतून:
मी तुमच्यानंतर येणाऱ्यांपैकी. आमचे साहेब दीड वर्ष अर्धवेळ होते. अतिशय चांगला माणूस. पण बैठकीत मी बोलले की सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळायच्या. ते गप्प बसायचे, तरी वळायच्या. जबाबदारी माझी, शब्द त्यांचा. त्या दीड वर्षात मी एकही निर्णय एकटीने घेतला नाही. ते गेल्यावर पहिल्या सहीला हात थरथरला. ताई, हळूहळू जा, जरूर जा, पण तुम्ही वाटेत उभ्या नाही ना, हे बघा.

धागाकर्ती:
हे वाचून रात्री झोप लागली नाही. मी दिवस कमी केले, अधिकार एकही सोडला नव्हता. अंतिम मंजुरीची सही अजून माझीच. गुरुवारचे फोन येणारच मग, येईनात कसे! वरिष्ठांशी बोलले. पुढच्या सोमवारपासून सही माझ्या हाताखालच्या मुलीची. मी फक्त ती विचारेल तेव्हा सांगायचं. पेन्शनचंही लेखी मागितलंय. तीन दिवसांवर मात्र मी ठाम आहे.

खालच्या खुर्चीतून:
मग एक कराल? पहिला महिनाभर तिच्या बैठकांना जाऊ नका.