महिन्याच्या बोलीवरचा भाडेकरू पूर्ण नोटीस न देता गेला, डिपॉझिटमधून किती कापता येतं?

वरचामजला:
नमस्कार मंडळी, वरच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या होत्या, मूळ करार संपला आणि पुढे महिना-दर-महिना तसंच चालू राहिलं, नवीन कागद केलाच नाही. जुन्या करारात ३० दिवसांच्या नोटीसची अट आहे. १० तारखेला रात्री मेसेज, "नोकरी बदलली, १५ला सोडतोय" आणि खरंच १५ला टेम्पो लावून गेला! किल्ली त्याच्याकडेच, आत एक लोखंडी कपाट आणि दोन खोकी. या महिन्याचं भाडं आलंय. आता पुढचा अख्खा महिना आणि रंगाचा खर्च डिपॉझिटमधून कापायचा विचार आहे. कुलूप तोडून कपाट बाहेर काढलं तर चालेल ना? बायको म्हणते जाऊ द्या, पण माझं डोकं फिरलंय.

जुनाघरमालक:
दादा आधी कुलुपाला हात लावू नका. किल्ली त्याच्याकडे आणि भाडं ३० तारखेपर्यंत भरलेलं, म्हणजे ताबा अजून त्याचाच आहे, उद्या तो म्हणाला खोक्यात सोनं होतं तर काय करणार? लेखी विचारा, जागा सोडली का, किल्ली कधी देताय, सामान किती तारखेपर्यंत नेताय.
आता हिशेब. मेसेज १०चा, ११पासून मोजा, ३० दिवसांचा महिना धरला तर या महिन्यातले २० दिवस झाले, ते भाडं तुमच्याकडे आलंय. उरले पुढचे १० दिवस. अख्खा महिना कुठून आणला? आणि ४ तारखेला नवा भाडेकरू आला तर तुमचं नुकसान ३ दिवसांचंच, एकाच दिवसाचं भाडं दोघांकडून नाही घेता येत.

खिळेठोकू:
मी स्वतः भाडेकरू आहे, रंगाचं पटलं नाही. किती वर्षं राहिला ते लिहिलंच नाहीत तुम्ही. भिंत मळकट झाली, स्विचबोर्डभोवती काळं झालं, ही वापराची झीज, ती मालकाच्या खात्यात. बेसिन फोडलं, दार उचकटलं तर खुशाल कापा, पण बिल दाखवा.

कलमकसाई:
भारतात १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०६ आहे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर महिन्याच्या भाडेपट्ट्याला १५ दिवसांची लेखी नोटीस. लीव्ह अँड लायसन्स (भाडेपट्टा नाही, जागा वापरायची नुसती परवानगी देणारा करार) असेल तर हे कलम नाही, करारातली अट बघायची. झिजेचं पण खिळेठोकू बरोबर बोलतायत, कलम १०८ मध्ये वाजवी झीज सोडूनच जागा परत करायची असं आहे. कॅलिफोर्नियात भाडेकरूने ३० दिवस आधी सांगायचं, पण मालकाला पण जागा रिकामी झाल्यापासून २१ दिवसांत डिपॉझिटचा हिशेब द्यावा लागतो. देश बदलला की दिवस बदलतात, म्हणून कुणीतरी सांगितलं म्हणून दोन महिने कापलं असं करू नका. आणि मुद्दाम जागा रिकामी ठेवून भाडं मागत बसलात तर ते टिकणं अवघड, नुकसान कमी करायचा प्रयत्न तुम्हीही केलेला दिसला पाहिजे. जाहिरात टाकली तर तारखेसकट जपून ठेवा.

वरचामजला:
साडेतीन वर्षं राहिला, म्हणजे रंग माझ्याच खिशातून 😅 काल फोन केला, १० दिवसांचं कापा म्हणाला, वाद नाही, किल्ली भावाबरोबर रविवारी पाठवतोय आणि कपाट भंगारात द्या म्हणतोय.

जुनाघरमालक:
कपाटाचं मेसेजवर लिहून घ्या, तोंडी नको. आणि रविवारी किल्ली हातात आली की त्याच्या भावासमोरच लाईटच्या मीटरचा फोटो काढा, ते बिल नंतर येतं आणि तोवर डिपॉझिट देऊन झालेलं असतं, माझं दोनदा झालंय तसं.