चिलरच्या ‘इकॉनॉमायझर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (चाकण): आमच्याकडे स्क्रू चिलरसाठी (स्क्रू कॉम्प्रेसरवर चालणारं, पाणी थंड करणारं यंत्र) ऑपरेटरांना मराठी सूचनापत्रक द्यायचं आहे. मसुद्यात इकॉनॉमायझरला ‘बचतयंत्र’ लिहिलं. ऑपरेटरांचं म्हणणं, इको लाइन (इकॉनॉमायझरची नळी) उघडली की कॉम्प्रेसरचे अँपिअर वाढतात, मग बचत कसली? आहे का दुसरा नेमका शब्द?

उत्तर (भोसरी): मी बॉयलरवाला. आमचा इकॉनॉमायझर चिमणीच्या वाटेत बसतो आणि जाणाऱ्या धुराच्या उष्णतेवर फीड वॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, गरम करतो. तिथे इंधन सरळ कमी लागतं, म्हणून ‘बचत’ चालून जातं. तुमचं यंत्र वेगळं, नाव तेवढं सारखं.

उत्तर (पिंपरी, रेफ्रिजरेशन सर्व्हिस): ऑपरेटरांनी बरोबर पाहिलंय. अँपिअर वाढतातच, पण थंडावा त्याहून जास्त वाढतो. समजा, चिलर ७० किलोवॅटवर १०० टन (टन हे थंडाव्याचं माप) देत होता आणि इको चालू झाल्यावर ७३ किलोवॅटवर १०८ टन देऊ लागला. टनामागे ०.७० किलोवॅट होते, ते सुमारे ०.६८ झाले. बघायचं ते हे, नुसता अँपिअर मीटर नव्हे.

हे होतं कसं? कंडेन्सरमधून द्रव होऊन आलेला गॅस (रेफ्रिजरंट) एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून एकदम खालच्या दाबावर सोडला, की त्यातला काही भाग तिथेच उकळून वाफ होतो. ही फ्लॅश गॅस पाणी थंड करायच्या कामी येत नाही, पण कॉम्प्रेसरला ती सक्शनपासून (आत ओढण्याचा कमी दाब) डिस्चार्जपर्यंत (बाहेर सोडण्याचा जास्त दाब) दाबत न्यावीच लागते. इकॉनॉमायझर ही वाफ मधल्या दाबावरच वेगळी काढतो आणि स्क्रूच्या मधल्या पोर्टमध्ये सोडतो. सिंहगडावर न्यायचं ओझं पायथ्याऐवजी अर्ध्या वाटेवर उचलल्यासारखं. उरलेला द्रव तोवर आणखी थंड झालेला असतो, म्हणून पाणी थंड करणाऱ्या इव्हॅपोरेटरमध्ये तो किलोमागे जास्त उष्णता ओढतो. कुठे यासाठी फ्लॅश टँक असते, कुठे प्लेट हीट एक्स्चेंजर. तत्त्व तेच.

म्हणून ‘बचत’ नको आणि ‘काटकसर’ही नको. काटकसर म्हणजे हात आखडणं, आणि इथे यंत्र हात आखडत नाही, घेतलेल्या विजेचं चीज करतं. ‘किफायत’ बसतो. किफायतशीर वस्तू स्वस्तच असते असं नाही, दिलेल्या पैशाला जास्त देते. फलकावर मात्र इकॉनॉमायझरच ठेवा आणि पुढे एक ओळ अर्थ लिहा. रात्री पाळीवर फोनवर बोलताना माणूस ‘इको’च म्हणणार.

उत्तर (हिंजवडी): आमच्या बिल्डिंगमध्ये ‘वॉटरसाइड इकॉनॉमायझर’ आहे. थंडीतल्या कोरड्या रात्री कूलिंग टॉवरचं पाणीच इतकं गार मिळतं की त्यावर चिल्ड वॉटरचा भार हलका करता येतो. त्याचा कॉम्प्रेसरच्या पोर्टशी संबंध नाही. कोटेशनमध्ये नुसतं ‘विथ इकॉनॉमायझर’ दिसलं, तर कोणता ते लिहून घ्या. भाव ठरवताना यावरून खरोखर घोळ होतात.

पुन्हा प्रश्न (चाकण): आभारी आहे. आणखी एक. लोड कमी झाला की आमचा इको सोलेनॉइड (इको लाइनवरचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) आपोआप बंद होतो. हा बिघाड समजायचा का?

उत्तर (पिंपरी): नाही. लोड कमी झाल्यावर कॉम्प्रेसरची क्षमता कमी करणारा स्लाइड व्हॉल्व्ह मागे सरकला की मधल्या पोर्टवरचा दाब सक्शनच्या जवळ उतरतो. मग मधे सोडून फायदा राहत नाही, उलट सक्शनच्याच गॅसची जागा अडते. म्हणून कंट्रोलर लाइन बंद करतो. किती लोडला, ते तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये बघा. आणि खरी किफायत जास्त उचल (सक्शन आणि डिस्चार्जच्या दाबातलं अंतर) असते तिथे, म्हणजे उणे तापमानाच्या कोल्ड स्टोअरेजला. ७ अंशांच्या पाण्याला फायदा आहे, पण तेवढा नाही.

पत्रकात असं लिहा: ‘इकॉनॉमायझर: किफायत वाढवणारी जोडणी. चालू असताना अँपिअर वाढतील. टनामागचे किलोवॅट नोंदवा. कमी लोडवर बंद होणं हा बिघाड नाही.’