या सीझनला हर्शीला कोण कोण येतंय? आणि मुलांच्या बेसबॉलचं काय?

प्रेषक: क्रीडा समिती

नमस्कार मंडळी,

गणपती छान पार पडले, दिवाळीच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या आहेत. आता थोडं खेळाचं बोलूया. ऑक्टोबरमध्ये आपल्या पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावच्या आइस हॉकी संघाचा, हर्शी बेअर्सचा, सीझन सुरू होतोय. दरवर्षीप्रमाणे मंडळाची एक ग्रुप नाइट ठेवायची की यंदा काही वेगळं करायचं, यावर सगळ्यांची मतं हवी आहेत. नव्याने आलेली कुटुंबं आम्हाला हमखास विचारतात, "हॉकी बघायचीच तर एनएचएलची, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगची बघू, फिलाडेल्फियाला किंवा वॉशिंग्टनला जाऊ. हर्शीला कशाला?" जुन्या मंडळींनी याचं उत्तर द्यावं.

---

प्रेषक: हमल्सटाउनचे एक जुने सभासद

मंडळी, नमस्कार.

उत्तर मी देतो, आणि जरा सविस्तर देतो, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

हर्शी हे जेमतेम 14 हजार वस्तीचं गाव आहे. तिथल्या जायंट सेंटरमध्ये दहा हजारांहून जास्त लोक बसतात आणि शनिवारी रात्री ते भरलेलं असतं. बेअर्स 1938 पासून अमेरिकन हॉकी लीगमध्ये आहेत, तेही एकाच गावात, एकाही वर्षाचा खंड न पडता. त्या लीगमध्ये इतकी जुनी सलग परंपरा दुसऱ्या कोणाचीच नाही. लीगचा काल्डर कप त्यांनी 13 वेळा जिंकलाय, तोही विक्रम आहे. 2023 आणि 2024 असे लागोपाठ दोन कप जिंकले आणि दोन्ही वेळा फायनलला समोर कॅलिफोर्नियाची कोचेला व्हॅली होती. 2023 ला सातवा सामना, तोही ओव्हरटाइममध्ये, माइक वेकिओनीच्या गोलने सुटला. 2024 ला सहावा सामना आपल्याकडे झाला, तोही ओव्हरटाइममध्ये गेला आणि मॅट स्ट्रोमने गोल केला. त्या रात्री हर्शीत जे होते त्यांना विचारा.

एनएचएलच्या खालच्या या लीगला "मायनर लीग" म्हणतात, आता त्या नावाबद्दल. नाव ऐकून लोकांना वाटतं की हे दुय्यम खेळाडू असणार. एनएचएलमध्ये खेळणाऱ्या दर दहांपैकी जवळजवळ नऊ जण या लीगमधून वर गेलेले असतात. हर्शी हा वॉशिंग्टन कॅपिटल्स या एनएचएल संघाशी जोडलेला खालचा संघ. वॉशिंग्टनने 2018 मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचा कप, जिंकला तेव्हा गोलवर ब्रेडन होल्टबी होता, बचावात जॉन कार्लसन होता. दोघंही आधी इथे खेळले. मला सगळ्यात आवडतो तो जे बीगल. तो कधीच मोठा स्टार नव्हता. ईसीएचएल या खालच्या लीगचा केली कप त्याने आयडाहोकडून जिंकला, हर्शीकडून दोनदा काल्डर कप जिंकला आणि मग वॉशिंग्टनकडून स्टॅन्ली कप. या तीनही लीगचे कप जिंकणारा तो पहिला खेळाडू. पायरी पायरीने वर गेलेला माणूस आपण मधल्या पायरीवर पाहिलेला असतो, आणि मग तो टीव्हीवर दिसला की आनंद वेगळाच होतो.

म्हणूनच एक ग्रुप नाइट पुरेशी नाही असं माझं ठाम मत आहे. सीझनमध्ये 72 सामने, त्यातले 36 घरचे. एका रात्री गेलात तर दिवे, संगीत, अस्वलाचा मॅस्कॉट आणि गर्दी एवढंच लक्षात राहतं. महिन्यातून एकदा जरी गेलात तरी डिसेंबरपर्यंत चेहरे ओळखीचे होतात. कोणता पोरगा वॉशिंग्टनला बोलावला गेला, कोण परत आला, परत आल्यावर त्याचा खेळ कसा बदलला, हे कळायला लागतं. सामने बहुतेक शुक्रवार, शनिवार, रविवारी असतात. कधीकधी तर तीन दिवसांत तीन सामने, तेही वेगवेगळ्या गावांत. रविवारी दुपारी तिसऱ्या सामन्याला उतरलेल्या विशीतल्या पोरांचे पाय जड झालेले दिसतात आणि तरीही ती धडपडत असतात. शिवाय आपल्याच राज्यात या लीगचे आणखी दोन संघ आहेत, विल्क्स-बॅरीचे पेंग्विन्स आणि अ‍ॅलनटाउनचे फँटम्स. या दोघांशी सामना असला की स्टेडियमचा आवाजच बदलतो.

नवीन लोकांना दोन गोष्टी सांगतो. पहिल्यांदा जाल तेव्हा काचेजवळची जागा घेऊ नका, वरच्या रांगेत बसा. खाली फक्त वेग दिसतो, वरून आखणी दिसते: पाच जण कसे पसरतात, पाऊण मिनिटात दमून कसे बाहेर येतात आणि खेळ चालू असतानाच दुसरे पाच कसे आत उड्या घेतात. आणि नजर पकवर (खेळातल्या रबरी चकतीवर) खिळवून ठेवू नका. ज्याच्याकडे पक नाही त्याच्याकडे बघायला लागा, गोल तिथून येतो. आइसिंग, ऑफसाइड वगैरे नियम दोन सामन्यांत आपोआप समजतं. आत थंडी असते, स्वेटर आणाच.

जानेवारीतला टेडी बेअर टॉस मात्र चुकवू नये. बेअर्सचा पहिला गोल झाला की सगळं स्टेडियम आणलेली मऊ खेळणी बर्फावर फेकतं. ती गोळा करून परिसरातल्या संस्थांमार्फत मुलांना दिली जातात. ही प्रथा 1993 मध्ये कॅनडातल्या कॅमलूप्स गावात सुरू झाली, पण आज जगाचा विक्रम आपल्या हर्शीचा आहे: 5 जानेवारी 2025 ला 1,02,343 खेळणी. आपल्या मुलांनी हाताने फेकलेलं एखादं अस्वल त्यात असावं असं मला मनापासून वाटतं.

---

प्रेषक: कॅम्प हिलहून, दोन लहान मुलांची आई

काकांचं पत्र वाचून जावंसं वाटतंय, पण एक शंका आहे. हॉकीत मारामाऱ्या होतात म्हणतात. सहा वर्षांच्या मुलीला न्यावं का?

---

प्रेषक: हमल्सटाउनचे एक जुने सभासद

ताई, अवश्य न्या. मारामारी अजूनही होते, पण पूर्वीपेक्षा खूपच कमी. फेसऑफच्या क्षणी (पक टाकून खेळ सुरू करताना) ठरवून हातघाईवर आलं तर या लीगमध्ये थेट सामन्याबाहेर काढतात, आणि एका सीझनमध्ये दहाव्यांदा मारामारीची शिक्षा झाली की एका सामन्याची बंदी येते. रविवार दुपारचा सामना निवडा. तेव्हा निम्मं स्टेडियम लहान मुलांनीच भरलेलं असतं आणि घरी यायलाही उशीर होत नाही.

---

प्रेषक: मेकॅनिक्सबर्गचे एक पालक

हॉकीचं सगळं पटलं. पण मंडळी, हॉकी संपते तेव्हा जे सुरू होतं त्याकडे मंडळाचं अजिबात लक्ष नाही, आणि ते मला फार खटकतं.

आपल्या मंडळातली मुलं इथल्या हायस्कूलच्या बेसबॉल टीममध्ये खेळतात. मार्चच्या शेवटी सामने सुरू होतात, मे महिन्यात डिस्ट्रिक्टचे प्लेऑफ, जूनमध्ये राज्याचे. फायनल पेन स्टेटच्या मेडलर फील्डवर होतात. बहुतेक सामने शाळा सुटल्यावर, दुपारी साडेचारच्या सुमारास. आईवडील ऑफिसात असतात, त्यामुळे पोरगं खेळत असतं आणि कुंपणापाशी आपलं कोणीच नसतं. तेव्हाच भारतातून आलेले आजी-आजोबा घरात दिवसभर खिडकीतून बाहेर बघत बसलेले असतात. एप्रिल-मे म्हणजे त्यांच्या येण्याचाच काळ. ही गाठ मंडळाने घालून द्यावी, एवढंच माझं मागणं आहे.

खेळ समजायला अवघड नाही. हायस्कूलला नऊऐवजी सातच इनिंग्ज, दीड-दोन तासांत संपतं. पाच इनिंग्जनंतर दहा रनांचा फरक असला की सामना तिथेच थांबतो. पिचरने एका दिवसात 100 च्या वर चेंडू टाकायचे नाहीत, आणि जितके जास्त टाकले तितके जास्त दिवस विश्रांती सक्तीची. असे नियम 2017 पासून जवळजवळ सगळ्या राज्यांत बंधनकारक झाले, वाढत्या वयाच्या पोरांची कोपरं आणि खांदे वाचावेत म्हणून. त्यामुळे सामना बघणं जास्त रंगतदार झालंय. आठवड्यात तीन सामने असले की कोचला विचार करावा लागतो: चांगला पिचर आज वापरायचा की शुक्रवारसाठी राखून ठेवायचा? पाचव्या इनिंगला त्याची मोजणी ऐंशीवर आली की बाकावरच्या पालकांत कुजबुज सुरू होते. समोरचा बॅट्समन चेंडू मागून चेंडू फाऊल करत (रेषेबाहेर मारत) राहिला तर पिचरची मोजणी वाढते, म्हणून तो बाद झाला तरी त्याने काम केलेलं असतं.

साध्या सामन्यांना बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. मात्र एप्रिलची संध्याकाळ आपल्याला वाटते त्याहून कितीतरी गार असते आणि अ‍ॅल्युमिनियमची बाकं तर त्याहून. घडीची खुर्ची आणि घोंगडी बरोबर घ्या. पाऊस असेल तर शाळेची वेबसाइट बघूनच निघा, सामना पुढे ढकलल्याचं दुपारी दोन-तीनला कळतं. फाऊल बॉल आपल्याकडे आला तर आठवण म्हणून घरी न्यायचा नाही, परत द्यायचा. अंपायरवर ओरडायचं नाही, इथल्या शाळा ते खपवून घेत नाहीत. खाण्याचा स्टॉल पालकच चालवतात आणि त्या पैशांतून टीमचं सामान येतं, म्हणून तिथे काहीतरी जरूर विकत घ्या, बटाटेवडे डब्यात असले तरी.

आणि सीनियर डे. शेवटच्या घरच्या सामन्याआधी बारावीच्या प्रत्येक खेळाडूचं नाव पुकारतात, तो आईवडिलांबरोबर मैदानात चालत येतो, पुढे काय शिकणार तेही सांगतात. त्या दिवशी तरी आपलं अख्खं मंडळ कुंपणापाशी असायला हवं. पोराने वर्षभरात चारच इनिंग्ज खेळलेल्या असल्या तरी.

---

प्रेषक: आजोबा, सध्या मुक्काम मेकॅनिक्सबर्ग

सर्वांस सप्रेम नमस्कार.

वरचं पत्र माझ्या मुलाचं आहे. त्याने ज्या खिडकीबद्दल लिहिलंय तिथे मीच बसलेला असायचो, म्हणून लिहितो. पुढच्या आठवड्यात मी दादरला परत जातोय.

एप्रिलमध्ये नातवाचा सामना बघायला गेलो तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या शेजारी एक गृहस्थ मांडीवर स्कोअरबुक ठेवून पेन्सिलने लिहीत होते. मी स्वतः तरुणपणी मुंबईच्या कांगा क्रिकेट लीगमध्ये आमच्या क्लबची वही लिहिलेली आहे, भर पावसात, छत्री खांद्याला टेकवून. त्यामुळे राहवलं नाही, विचारलं. त्यांनी शेवटपर्यंत मला समजावून सांगितलं. इथे प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर 1, कॅचर 2, फर्स्ट बेस 3, सेकंड 4, थर्ड 5, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मधला) 6 आणि बाहेरचे तिघे डावीकडून 7, 8, 9. चेंडू शॉर्टस्टॉपकडून सेकंडला आणि तिथून फर्स्टला जाऊन दोघं बाद झाले की लिहायचं 6-4-3. स्ट्राइकआउटसाठी (तीन स्ट्राइक होऊन बाद) K, आणि बॅट न फिरवता नुसता बघत राहून बाद झाला तर तो K उलटा काढायचा. एका बारक्या चौकोनात एका खेळाडूची सगळी गोष्ट मावते. त्यानंतर मी नातवाचे सगळे घरचे सामने वहीत उतरवले. आता सगळं फोनवरच्या गेमचेंजर अ‍ॅपमध्येही येतं, ऑफिसात बसलेला माझा मुलगा त्यातच बघतो. पण वही लिहिणाऱ्याचं लक्ष एका चेंडूवरूनही हटत नाही.

शाळेचे सामने कशाला बघायचे, असं कोणी म्हणेल. मुंबईकराने तरी म्हणू नये. 1988 च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन आणि विनोदने 664 धावांची भागीदारी केली, तो शाळेचाच सामना होता. तिकीट नाही, स्टेडियम नाही, शेजारी आणखी चार सामने चाललेले. मुंबईचं क्रिकेट उभं राहिलं ते अशा सामन्यांना जाणाऱ्या आणि वही लिहिणाऱ्या लोकांच्या जोरावर. माझा नातू सचिन होणार नाही, तो राइट फील्डला उभा असतो आणि सहाव्या-सातव्या क्रमांकावर खेळतो. तरी त्याने मे महिन्यात उजव्या कोपऱ्यातून थर्ड बेसपर्यंत एक फेक केली आणि धावणारा बाद झाला. वहीत ती 9-5 अशी आहे. कुंपणापाशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या.

माझ्यासारखे जे पुढच्या वसंतात येतील त्यांना वही कशी लिहायची ते फोनवरून शिकवायला मी तयार आहे. फक्त भारतातली रात्र बघून फोन करावा.

---

प्रेषक: क्रीडा समिती

आजोबा, तुमचं पत्र समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचलं गेलं. प्रवास सुखाचा होवो.

सगळ्यांच्या मतांवरून हे ठरलं आहे:

एका ग्रुप नाइटऐवजी नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याला एक रविवार दुपारचा बेअर्सचा सामना. डिसेंबरमध्ये समोर विल्क्स-बॅरी किंवा लीहाय व्हॅली (अ‍ॅलनटाउनचे फँटम्स) असेल असा बघतोय. टेडी बेअर टॉसची तिकिटं लवकर संपतात, म्हणून त्यासाठीची नावं या महिन्याअखेर द्यावीत. खेळणी नवीन आणि मऊच हवीत, बॅटरी असलेलं काही आणू नये. नवीन कुटुंबांबरोबर वरच्या रांगेत बसायला हमल्सटाउनचे काका तयार आहेत.

बेसबॉलसाठी मंडळाच्या कॅलेंडरमध्ये वेगळा रकाना करतोय. ज्यांची मुलं-मुली टीममध्ये आहेत त्यांनी शाळा, व्हर्सिटी (शाळेची मुख्य टीम) की जेव्ही (दुसरी टीम) आणि घरच्या सामन्यांचे दिवस मार्चच्या पहिल्या आठवड्यात कळवावे. मुलींचे सॉफ्टबॉलचे सामनेही त्याच काळात असतात, तेही यात येतील. दुपारी साडेचारला आजी-आजोबांना गाडीने नेऊ शकणाऱ्या, घरून काम करणाऱ्या चालकांची यादी हवी आहे. आत्तापर्यंत कॅम्प हिल आणि मेकॅनिक्सबर्गमधून नावं आली आहेत. कार्लाइलच्या बाजूने कोणीच नाही, तिथल्यांनी कृपया पुढे यावं.

---

प्रेषक: कॅम्प हिलहून, दोन लहान मुलांची आई

मी मंगळवार-गुरुवार घरून काम करते, गाडीत चार जागा आहेत. कार्लाइलला जायला मला पंचवीस-तीस मिनिटं लागतात, तिकडच्या आजी-आजोबांनाही मी आणू शकेन. नाव लिहून घ्या. आणि नोव्हेंबरच्या रविवारी आमची चार तिकिटं, वरच्या रांगेतली.