छपराचं काम, ठेकेदार आणि पहिला पाऊस: तुमचे अनुभव सांगा

खानापूरकर:
समोरच्या घरावर सकाळपासून पत्रे चढूलेत. तो ड्रिलचा आवाज ऐकला आणि आमच्या वेळचं सगळं आठवलं, म्हणून हा धागा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या बेळगावकडं काय पाऊस झाला ते सांगायला नको. आमचे वासे वाळवीनं आधीच पोखरलेले, त्यात छपराची मागची उतरती बाजू, म्हणजे पाखं बसलं. पुढं पैसे जमल्यावर कौलं उतरवून लोखंडी एंगलवर रंगीत पत्रे घातले. काम मृगाआधी संपलं म्हणून आम्ही खूश. मृग लागला आणि माजघरात भांडी मांडायची पाळी आली.

ठेकेदार यायचा, थेंब पडतो त्याच्या बरोबर वर सिलिकॉन फासायचा आणि जायचा. परत गळती, परत सिलिकॉन. आत आलेलं पाणी एंगलवरून वाहत जाऊन चार हात लांब टपकतं. एवढं त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

शेवटी उघाडीचा दिवस बघून त्याला बोलावलं. पोराला पाईप देऊन शिडीवर चढवलं, आत मी आणि ठेकेदार बॅटरी घेऊन. वळचणीपासून सुरू करायचं आणि थोडं थोडं भिजवत वर जायचं. एकदम आढ्यावर पाणी सोडलं तर कुठून आत येतंय ते कळतच नाही. खालचा सगळा भाग कोरडा, आणि पाणी दोन पत्र्यांच्या जोडावर पोचलं तशी आत धार. वरचा पत्रा खालच्यावर किमान ६ इंच चढायला हवा, उतार कमी असेल तर आणखी. इथं जेमतेम ३. पत्र्याच्या लांबीत काटकसर केलेली. बॅटरीच्या उजेडात त्यानं स्वतःच बघितलं, त्यामुळं वाद घालायला जागाच उरली नाही.

तडजोड अशी झाली: वरची रांग नव्या लांब पत्र्यांची, मजुरी त्याची, पत्र्याचे पैसे निम्मे निम्मे, आणि एक मोठा पाऊस बघूनच बाकी रक्कम. सगळं वहीत लिहून दोघांच्या सह्या. शेवटचा हप्ता माझ्याच खिशात होता म्हणून जमलं हे, उगाच मोठेपणा कशाला घेऊ. जुने पत्रे गोठ्यावर गेले.

तुमचं काय झालं ते लिहा.

टिळकवाडीची_लेक:
आमचा स्लॅब आहे, पण गळतो तोही 😄 वाचतेय.

जांबोटी_रोड:
पत्रा नको म्हणून आम्ही कौलंच ठेवली. पावसात पत्र्याखाली माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. वासे आणि रिपा नवीन, कौलं बरीच फुटलेली म्हणून ठेकेदारानं कुठल्यातरी पाडलेल्या घराची जुनी कौलं आणली. दिसायला सगळी मंगळुरी. पण प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा, खाचा एकमेकांत बसत नाहीत. लांबून बघायला छान, खाली उभं राहून वर बघितलं की चांदणं दिसतंय.

तो म्हणतोय, पाऊस पडला की बसतील. कौल कसं बसेल बाबा, ते काय पाहुणं आहे? शेवटी मी आणि वडिलांनी अंगणात सगळी कौलं उलटी करून पाठीवरचे छाप बघत ढीग लावले. एका पाख्यावर एकच छाप, दुसऱ्यावर दुसरा, उरलीसुरली न्हाणीवर. ठेकेदाराचे गडी बघत बसलेले, मग लाजून मदतीला आले. कौलं परत बसवायची मजुरी त्यानं घेतली नाही.

आता फक्त वानरं.

निपाणीकर:
वानरांचं काय करता? आमच्यात पण सुरू झालंय.

जांबोटी_रोड:
काय करणार? दरवर्षी जादा कौलं माळ्यावर ठेवतो. फटाके लावले तर ती पळताना आणखी चार फोडतात.

भाग्यनगर_बेळगाव:
मालक गोव्याला कामाला, मी आणि सासूबाई घरी. ठेकेदार माझ्याशी बोलायचाच नाही, "साहेब आले की बघू वहिनी." साहेब येणार चतुर्थीला!! तोवर आम्ही छत्री धरून जेवायचं का?

गडी मात्र बैलहोंगलकडचे, त्यांना मराठी बेताचंच. ठेकेदार नसताना सासूबाईंनी चहा दिला आणि कन्नडमध्ये गोड बोलून विचारलं, स्क्रू एवढे लांब लांब का रे मारलेत? त्यानं सांगून टाकलं, ठेकेदारानं एक सोडून एक मारायला सांगितलंय, डबा पुरवायचा आहे. संध्याकाळी ठेकेदार आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "स्क्रू आमच्याकडून घे, पण मार." मेल्यासारखं झालं त्याला. दुसऱ्या दिवशी स्वतःचाच डबा घेऊन आला.

शिवाय ड्रिलचा लोखंडी कीस पत्र्यावर तसाच ठेवून गेले होते. पाऊस लागला की तो गंजतो आणि रंगीत पत्र्यावर तांबडे डाग पडतात. तो मीच झाडला. दर संध्याकाळी झाडून घ्यायला लावा.

टिळकवाडीची_लेक:
सासूबाईंना साष्टांग 🙏🙏 आमच्याकडं पाठवा थोडे दिवस.

भाग्यनगर_बेळगाव:
आपली बेळगावी मिठाई कुंदा लागेल त्यांना. पाव किलोत भागणार नाही.

निपाणीकर:
वखारीचा पत्रा. ठरला ०.५० मिमी जाडीचा, आणला पातळ. भाचा उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला, तो मायक्रोमीटर घेऊन आला, ०.४० च्या आसपास दाखवूलाय. ठेकेदार म्हणतोय रंगाचा थर धरून मोजतात. अरे पण मायक्रोमीटर रंग धरूनच मोजतो की! चांगल्या कंपनीच्या पत्र्याखाली जाडी छापलेली असते, यावर काहीच नव्हतं. गाडी उतरूच दिली नाही. एकदा बसवल्यावर कोण काढतंय? बिलावर कंपनी आणि जाडी लिहून घ्या मंडळी.

फॅब्रिकेशनवाला:
मी याच धंद्यात आहे, शिव्या खायच्या तयारीनं लिहितोय.

खोटं काम करणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण जुन्या घराची एक भिंत दुसरीशी काटकोनात नसते, गुणिया लावून दाखवला तरी लोक म्हणतात आज्जानं बांधलंय, सरळच असणार. मग पत्रा एका बाजूला कमी पडतो. भाव पाडून पाडून काम देणार आणि वर रोहिणीत फोन, मृगाच्या आत पाहिजे. त्या पंधरवड्यात सगळ्या तालुक्यालाच पाहिजे असतं.

बघायचं ते काम चालू असतानाच बघा. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, सरळ. वॉशरचं रबर नुसतं दबलं पाहिजे. बाजूला फुगून आलं तर जादा आवळलंय, दोन उन्हाळ्यांत तडकतं. आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडून मारतो, म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकाकडून घालत यायचं, म्हणजे बाजूच्या जोडाचं तोंड वाऱ्याकडं येत नाही. शेजारच्या भिंतीला पत्रा भिडतो तिथं नुसतं सिमेंट थापलं तर ते सुटणारच. भिंतीत खाच मारून पट्टी घालायला सांगा.

पैसे अडवा, पण कशासाठी अडवले ते पण सांगा. काही लोक फोनच उचलत नाहीत.

@खानापूरकर, जुन्या पत्र्यांना स्क्रूची भोकं होती ना? गोठ्यावर तशीच?

खानापूरकर:
भोकं बुजवली. म्हशीची अजून तक्रार नाही.
तुमचं वाऱ्याचं बरोबर आहे. आमचे पश्चिमेकडूनच घालत आले होते, आता कळलं.

हिंडलगा_९०:
आमचा ठेकेदार पाहुण्यातला. विषय संपला.

टिळकवाडीची_लेक:
😂😂 लिहा की पुढं

हिंडलगा_९०:
काय लिहू. पन्हळीचा उतारच उलटा, पाणी नळीकडं जायच्या ऐवजी देवघराच्या कोपऱ्यात. मी बोललो तर आत्याबाई रुसणार. एका बारशाला भेटला, मी हसून विचारलं, "दाजी, पन्हळ कधी सुलटी करताय?" चारचौघात विचारल्यामुळं लगेच आला. आत्याबाई रुसल्याच.

वकीलकाकू:
सरळ बोलून भागलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पण त्याआधी लेखी नोटीस, फोटो, पैसे दिल्याचा पुरावा पाहिजे. दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घेण्याआधी फोटो काढाच, नंतर चूक कुणाची हे दाखवता येत नाही. "सगळं तोंडी ठरलं होतं मॅडम" असं म्हणत येणारे दर जुलैत येतात.

निपाणीकर:
काकू, पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवरचं बोलणं चालतं का?

वकीलकाकू:
उपयोगी पडतं. मेसेज डिलीट करू नका आणि फोन बदलताना सांभाळा.

कॅम्प_बेळगाव:
चांगला फॅब्रिकेटर कोण आहे? नंबर द्या.

फॅब्रिकेशनवाला:
🙋‍♂️ व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मृगाआधी जमणार नाही, आत्ताच सांगतो.

सुळगा_शेत:
विषयाशी संबंध नाही, पण आमची कौलं उतरवली आहेत. चांगली आहेत, कुणाला पाहिजे असतील तर सांगा. घेऊन जायचं आपलं आपण.

जांबोटी_रोड:
मला २०० पाहिजेत. पाठीवर छाप कुठला आहे?

सुळगा_शेत:
थांबा, बघून सांगतो. आत्ता म्हशीची धार काढूलोय.