लेपर्ड गेकोचं वजन ९२ ग्रॅम, शेपूट मानेपेक्षा जाड: खाणं किती कमी करावं?

निशिगंधा_एनजे
नमस्कार. माझी लेपर्ड गेको (पाळीव पालीची एक जात) मादी आहे, वय ३ वर्षं, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत २१ सेंमी, वजन ९२ ग्रॅम. शेपूट मानेपेक्षा बरीच रुंद झालीय आणि पुढच्या पायांच्या बगलेत मऊ फुगे दिसतात. रोज रात्री ४-५ सुपरवर्म (भुंगेऱ्याच्या मोठ्या अळ्या) आणि एक दिवसाआड २ वॅक्सवर्म (मेणपतंगाच्या अळ्या) देते. टँक ९० × ४५ सेंमी, गरम बाजूच्या गुहेत ३३ अंश सेल्सिअस, यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा नाही. नर कधीच सोबत नव्हता. इथे न्यू जर्सीत सगळ्या प्रकारचे किडे मिळतात, त्यामुळे बदल करणं अवघड नाही. वजन खरंच जास्त आहे का? आणि आठवडाभर उपास घडवला तर चालेल का?

सरडामित्र
उपास नको, हे आधी सांगतो. लठ्ठ गेकोचं खाणं अचानक तोडलं की शरीरातली चरबी एकदम यकृताकडे जाते आणि यकृत निकामी होऊ शकतं. वजन हळूहळूच उतरायला हवं.

वजन जास्त आहे का, हे एकट्या आकड्यावरून ठरत नाही. प्रौढ लेपर्ड गेको साधारण ४५ ते ८० ग्रॅमच्या दरम्यान असतात, पण 'जायंट' वाणाचे १०० च्या वर जाऊनही धडधाकट असतात. म्हणून शरीर बघा. शेपूट सर्वात जाड जागी मानेइतकी किंवा किंचित जास्त रुंद असेल तर उत्तम. मानेपेक्षा बरीच रुंद, वर बगलेत फुगे, पोट जमिनीला घासतंय, पायांच्या मुळाशी वळ्या पडताहेत, असं असेल तर चरबी साठलीय. २१ सेंमी लांबीला ९२ ग्रॅम आणि तुम्ही सांगितलेली लक्षणं एकत्र धरली तर मला ती लठ्ठच वाटते.

मात्र एक तपासा. नर नसतानाही माद्या अफलित अंडी धरतात. तिला पारदर्शक डब्यात ठेवून खालून उजेडात पोट बघा. दोन्ही बाजूंना एकेक लांबट, फिकट गोळा दिसला तर वजनात अंड्यांचा वाटा आहे. तसं असेल तर आहार आत्ता कमी करू नका. ओलसर कोकोपीटचा झाकणाचा डबा आत ठेवा आणि अंडी घातल्यावर सुरुवात करा.

कीटकशाळा
मूळ अडचण किड्यांच्या निवडीत आहे. ताज्या वजनाच्या हिशेबात चरबी साधारण अशी असते: वॅक्सवर्म २५ टक्के, सुपरवर्म १८, मीलवर्म १३, रातकिडे ६-७, रेशीमकिड्याच्या अळ्या १-२. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या कॅल्शियमला फार चांगल्या, पण त्यांना 'हलकं' खाणं समजून ढीगभर देणारे बरेच दिसतात. त्यांच्यातही चरबी १४ टक्क्यांच्या आसपास आहे.

वॅक्सवर्म आजपासून बंद. सुपरवर्म पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड ३, पुढच्या आठवड्यात त्यातले निम्मे काढून रातकिडे किंवा लहान डुबिया झुरळं, आणि तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५-६ किडे. मधूनमधून रेशीमअळ्या द्या, पोट भरतं आणि पाणीही जातं. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून रुंद नको.

किडे देण्याआधी २४ ते ४८ तास त्यांना गाजर, लाल भोपळा, मोहरीचा पाला खाऊ घाला. उपाशी रातकिडा म्हणजे नुसतं टरफल. शिवाय रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो, म्हणून किड्यांना कॅल्शियमची पूड लावणं टाळता येत नाही. यूव्हीबी नसल्यामुळे शरीरात डी३ जीवनसत्त्व पुरेसं बनत नाही, म्हणून साधं कॅल्शियम पुरणार नाही. आठवड्यातून एकदा डी३ असलेलं कॅल्शियम आणि दोन आठवड्यांतून एकदा मल्टिव्हिटॅमिन लावा. किड्यावर पातळ थर बसला की पुरे, पांढराफटक करायचा नाही. मल्टिव्हिटॅमिनच्या डब्यावर डी३ किती आहे ते वाचा, दोन्हीकडून जास्त जायला नको.

निशिगंधा_एनजे
धन्यवाद. उजेडात बघितलं, गोळे नाहीत. पण रातकिडे समोर सोडले तरी ती बघून तोंड फिरवते. तेव्हा काय करू?

सरडामित्र
वॅक्सवर्मची चटक लागली की असं होतं. दिवे मालवल्यावर अर्ध्या तासाने द्या. रातकिड्याच्या मागच्या उड्या मारायच्या तंगड्या काढा आणि चिमट्याने तिच्या नाकासमोर हळू हलवा. तरी नाही, तर एक वॅक्सवर्म चिरडून त्याचा रस रातकिड्याच्या डोक्याला पुसा. एवढ्याच कामाला वॅक्सवर्म ठेवा. शेपटीत एवढा साठा असलेल्या मादीने दोन-तीन वेळा खाणं टाळलं तर घाबरू नका आणि लगेच सुपरवर्मवर परत येऊ नका. दोन आठवडे काहीच घेतलं नाही तर मात्र डॉक्टर गाठा. न खाल्लेले रातकिडे रात्रभर आत ठेवू नका, ते झोपलेल्या गेकोची कातडी कुरतडतात.

वजन आठवड्यातून एकदा, खायला देण्याआधी. ०.१ ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, वर प्लास्टिकचा डबा, काटा शून्यावर, मग गेको. एका शी-मुळे दोन-तीन ग्रॅमचा फरक पडतो, म्हणून एका आकड्यावर निर्णय नको, महिन्याचा कल बघा. महिन्याला ३-४ ग्रॅम उतार चांगला. ७५ च्या आसपास शेपूट पुन्हा मोजा. मानेइतकी झाली असेल तर तिथेच थांबा.

पशुवैद्य_सरीसृप
वरचं सगळं बरोबर. एक भर घालते. महिन्यात १० टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत ९ ग्रॅम गेले, तर त्याला आहाराचं यश समजू नका. खाणं नीट चालू असताना शेपूट काडीसारखी होत जाणं, पातळ शी, न पचलेले किडे ओकणं ही क्रिप्टोस्पोरिडियम या आतड्यातल्या परजीवीची लक्षणं असू शकतात. ताजी विष्ठा घेऊन सरीसृपांच्या डॉक्टरकडे जा. साध्या कृमी तपासणीत हा परजीवी सुटू शकतो, म्हणून पीसीआर किंवा अ‍ॅसिड-फास्ट डाग पद्धतीची तपासणी नाव घेऊन मागा. अहवाल येईपर्यंत चिमटा, भांडी, काटा दुसऱ्या कोणत्याही गेकोला वापरू नका. घरगुती ब्लीचने याचे बीजकोश मरत नाहीत.

गुहेतले ३३ अंश टँकच्या तळाच्या फरशीवर तापमापकाचा प्रोब (वायरच्या टोकाचा संवेदक) टेकवून मोजलेत ना? काचेला चिकटवलेला गोल तापमापक हवेचं तापमान दाखवतो, आणि फरशी २७-२८ वर असली तर कमी खाल्लेलंही पचत नाही.