विषय: नागरिकत्व काढून घेण्याचा कायदा – आपला काय संबंध?

प्रेषक: सुरेश (हॅरो)

नमस्कार मंडळी,

नागरिकत्व काढलेला माणूस अपील जिंकला, तरी सरकारची पुढची अपिलं संपेपर्यंत ते त्याला परत मिळणार नाही, असा कायदा २०२५ मध्ये इथे ब्रिटनमध्ये झाला. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यावरून दोन दिवस रडारड चालू आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितो. माझ्या मते झालं ते उत्तम झालं.

७ जुलै २००५ ला, लंडनच्या बॉम्बस्फोटांच्या दिवशी, मी वॉर्डात ड्यूटीवर होतो. ट्यूब (भुयारी रेल्वे) बंद, बस बंद, फोन लागेना. मी धडधाकट आहे हे घरी संध्याकाळी कळलं. ५२ माणसं गेली. बॉम्ब घेऊन आलेल्या चौघांपैकी तिघे याच देशात जन्मलेले. ज्या ताटात खाल्लं त्यातच छेद करायचा आणि अंगाशी आलं की त्याच देशाचा पासपोर्ट पुढे करायचा? लंडनची शमीमा बेगम २०१५ मध्ये पंधराव्या वर्षी आयसिसमध्ये सामील व्हायला सीरियाला पळाली, २०१९ मध्ये छावणीत सापडली आणि म्हणाली, मला घरी यायचंय. तेव्हाचा होम सेक्रेटरी (गृहमंत्री) साजिद जाविद स्वतः पाकिस्तानी आईबापांचा मुलगा. त्याने आठवड्याच्या आत तिचं नागरिकत्व काढलं. २०२४ मध्ये अपील कोर्टानेही तिन्ही न्यायाधीशांच्या एकमताने तेच कायम ठेवलं.

आपण नाकासमोर चालणारी माणसं. आपल्याला घाबरायचं कारणच काय?

– सुरेश

प्रेषक: निखिल (रेडिंग)

काका, बाकी वाद तुमचा तुम्ही घाला, माझी एक शंका. आमच्या पोरीकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे आणि भारताचं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डसुद्धा. मग ती दुहेरी नागरिक धरतात का? मेधाताई, तुमचं रोजचं काम हेच. जरा सांगाल का? फी लावू नका.

प्रेषक: मेधा (लेस्टर)

निखिल, फी म्हणून दिवाळी अंकाला एक जाहिरात मिळवून दे.

ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. आजीवन व्हिसा समज. भारताच्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमाने, स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. ‘कॅन्सल्ड’चा शिक्का मारून परत मिळालेला तुझा जुना पासपोर्ट कपाटात असेलच. मुलीचा जन्म तू भारतीय वकिलातीत नोंदवलेला नाहीस, त्यामुळे ती फक्त ब्रिटिश. तिचं काढलं तर ती कुठलीच राहणार नाही, आणि इथे जन्मलेल्यांच्या बाबतीत कायदा तसं करू देत नाही. तुझं तसं नाही. तू नॅचरलाइज झालास, म्हणजे अर्ज करून नागरिक झालास. २०१४ पासून अशा माणसाचं एकमेव नागरिकत्वही काढता येतं. देशहिताला गंभीर बाधा आणल्याचा ठपका हवा, आणि त्याला दुसऱ्या देशाचं मिळू शकेल असं होम सेक्रेटरीला सबळ कारणाने वाटायला हवं.

आता काका, तुमचं ‘आपल्याला काय’. आपल्या मंडळातली १९९३ ते २००४ मधली पोरं आठवा. आईबाप आयएलआरवर (इथे कायमचं राहण्याच्या परवान्यावर), हातात भारतीय पासपोर्ट. ती मुलं जन्मतः ब्रिटिश होती आणि त्या वेळच्या भारतीय कायद्याने वंशाने भारतीयही. ना कुणी अर्ज केला, ना कुणाच्या गावी होतं. दुसरं नागरिकत्व सोडलं नाही, तर अठरा पूर्ण होऊन सहा महिने उलटले की भारताचं आपसूक गळायचं. शमीमाही अशीच नकळत दुहेरी नागरिक. बांगलादेश तिने पाहिलेलाही नाही, पण तिथल्या १९५१ च्या कायद्याने आईबापांमुळे ती एकविसाव्या वर्षापर्यंत तिथली नागरिक. तेव्हा ती १९ ची. बांगलादेश म्हणतो आमची नाही, इथलं कोर्ट म्हणतं कागदोपत्री आहे. भजनी मंडळात टाळ वाजवणारा आपला एखादा सतरा वर्षांचा पोरगा इंटरनेटवर कुणाच्या नादी लागला असता, तर तोही याच कलमात बसला असता. धर्म तिथे कुणी विचारत नाही, आईबापांचा पासपोर्ट बघतात.

ही पायरी एका दिवसात आलेली नाही. इथे जन्मलेल्यांना हा कायदा लागू झाला २००२ मध्ये, आणि तेव्हा अट कडक होती: देशाच्या मूलभूत हिताला गंभीर बाधा. तुम्ही सांगता त्या बॉम्बस्फोटांनंतर, २००६ मध्ये, होम सेक्रेटरीला ते ‘लोकहिताचं’ वाटलं की पुरे, एवढी ती सैल झाली. एकट्या २०१७ मध्ये या कारणाखाली १०४ जणांचं नागरिकत्व गेलं. एका बाईची नोटीस तर होम ऑफिसने स्वतःच्याच फायलीत लावली आणि ‘बजावली’ असं धरलं. बाई सीरियातल्या छावणीत. वकिलांनी तिला परत आणायची विनंती केली तेव्हा कळलं की ती ब्रिटिश उरलेलीच नाही. कोर्ट म्हणालं, याला नोटीस म्हणत नाहीत. मग २०२२ मध्ये कायदाच बदलून काही वेळा नोटिशीशिवायही काढता येईल अशी सोय केली.

जो कॉक्स या खासदार बाईला २०१६ मध्ये कट्टर उजव्या माणसाने भर रस्त्यात मारलं. त्याचं नागरिकत्व काढा असं कुणी म्हटलं नाही. त्याला आमरण तुरुंगवास झाला. माझं म्हणणं एवढंच, की शमीमालाही आणा, कोर्टात उभी करा आणि गुन्हा शाबीत झाला तर डांबा.

– मेधा

प्रेषक: सुरेश (हॅरो)

मेधा, वकिली छान केलीस. पण जॅक लेट्सला सोयीस्कर विसरलीस. सीरियात आयसिसकडे गेलेला ऑक्सफर्डचा गोरा मुलगा, वडील कॅनेडियन. त्याचंही २०१९ मध्ये काढलंच की. आणि कोर्टात उभी करा म्हणतेस, पण सीरियात आयसिसच्या रक्का शहराच्या ढिगाऱ्यातून पुरावा कोण आणणार? साक्षीदार कोण? सुटली पुराव्याअभावी, तर ती तुझ्या लेस्टरात राहील की माझ्या हॅरोत?

प्रेषक: मेधा (लेस्टर)

काका, पुराव्याचा मुद्दा खरा आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. पण पुरावा कोर्टात टिकणार नाही म्हणून कोर्टच टाळायचं, हे मला पटत नाही. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने २०२२ मध्ये मंत्र्याचा असा अधिकार रद्द केला तो याच मुद्द्यावर: दोषी ठरवणं कोर्टाचं काम, मंत्र्याचं नव्हे.

लेट्सचं नाव काढलंत ते बरं झालं. ब्रिटनने आधी हात झटकले म्हणून तो कॅनडाच्या गळ्यात पडला. कॅनडाने जाहीर नाराजी दाखवली. जो देश आधी सही करेल तो सुटला, अशी ही शर्यत आहे. माणूस तिथेच छावणीत, उद्या तिथून सुटला तर त्याच्यावर नजर कुणाची?

आणि कल्याण आठवतंय ना? मे २०१४ मध्ये चार पोरं यात्रेच्या निमित्ताने इराकला गेली आणि नाहीशी झाली. त्यातला एक नोव्हेंबरात परत आला. एनआयएने अटक केली आणि मुंबईतल्या विशेष कोर्टात खटला उभा राहिला. भारताच्या नागरिकत्व कायद्याचं, नागरिकत्व काढून घेण्याचं १० वं कलम जन्माने नागरिक असलेल्याला लागूच होत नाही, त्यामुळे ‘आमचा नाही’ म्हणायची सोयच नव्हती.

प्रेषक: सुरेश (हॅरो)

आणि खटला इतका रेंगाळला की फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्याचा जामीन कायम केला. हे का नाही लिहिलंस?

माझं मत बदललेलं नाही. शमीमा परत येऊ नये. पण ते नोटीस फायलीत लावण्याचं मला ठाऊक नव्हतं आणि ते मुळीच रुचलं नाही. जन्मभर मी पेशंटला वाईट बातमी तोंडावर सांगत आलो. सरकारला एक पत्र टाकता येत नाही? ज्येष्ठांच्या पुढच्या बैठकीत यावर अर्धा तास बोलशील का? प्रश्न मी विचारणार, आधीच सांगून ठेवतो.

– सुरेश